एका पेनीचे गरम पाणी

तरणतलावाच्या दाराशी नियमांचा एक फलक लावलेला असतो. पोहण्यापूर्वी अंघोळ करावी, पोट बिघडले असल्यास पाण्यात उतरू नये, तलावात थुंकू नये, वगैरे. बरेच जण तो न वाचताच आत जातात. परंतु सर्वांच्या वापराचे पाणी स्वच्छ राखणे ही समाजाची जबाबदारी आहे, ही गोष्ट लोकांना सहजासहजी पटलेली नाही. त्यासाठी अनेकांनी आयुष्य झिजवले. त्यांत एक धुणी-भांडी करणारी बाईसुद्धा होती. तिचे नाव किटी विल्किन्सन.

किटीचा जन्म १७८६ मध्ये आयर्लंडमधील डेरी या गावी झाला. १७९४ च्या सुमारास तिचे कुटुंब पोट भरण्यासाठी जहाजाने इंग्लंडमधील लिव्हरपूलला निघाले. मर्सी नदीच्या मुखाशी वादळात जहाज वाळूच्या बांधावर आदळले. त्यात किटीचे वडील आणि तान्ही बहीण बुडाली. आई वाचली, पण या धक्क्यातून ती पुढे कधीच सावरली नाही. अकरा-बारा वर्षांच्या वयात किटीला लँकेस्टरजवळच्या केटन गावी सुताच्या गिरणीत कामाला जावे लागले. आज आपली मुले ज्या वयात सहावीच्या वर्गात बसतात, त्या वयात ती गिरणीत राबत होती. मोठी झाल्यावर आईची सेवा करण्यासाठी ती लिव्हरपूलला परतली आणि लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून काम करू लागली.

१८१२ मध्ये तिचे लग्न एका फ्रेंच खलाशाशी झाले. तोही समुद्रात बुडाला. दोन लहान मुले आणि आजारी आई यांचा सगळा भार किटीबाईंवर आला. त्या कपडे धुऊन, पिळून आणि घड्या घालून देऊन गुजराण करू लागल्या. पुढे १८२३ मध्ये टॉम विल्किन्सन या गोदामातील हमालाशी त्यांचा दुसरा विवाह झाला. टॉम मनाने मोठा होता. गरिबीतही या घरात अनाथ मुलांना आसरा मिळे.

१८३२ मध्ये लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली. बंदराचे ते शहर माणसांनी खचाखच भरले होते. एकेका तळघरात एकेक कुटुंब राहत असे. घरात नळ नाही, सांडपाण्याची व्यवस्था नाही. त्या एका वर्षात शहरात सुमारे दीड हजार माणसे दगावली. रोग्याचे अंथरूण-पांघरूण आणि कपडे धुवायचे तरी कुठे आणि कसे, हा गरिबांपुढचा मोठा प्रश्न होता. पाणी उकळण्याइतके मोठे भांडे नाही आणि त्यासाठी कोळसाही नाही.

किटीबाईंच्या घरी मात्र पाणी तापवायचा बॉयलर होता. त्यांनी आपले घर आणि अंगण शेजाऱ्यांना खुले केले. आठवड्याला एक पेनी द्यावी आणि कपडे गरम पाण्याने धुऊन न्यावेत, अशी सोय केली. रोग्यांचे कपडे त्या क्लोराइड ऑफ लाइम घालून धूत असत. म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचे पेटंट घेतले होते, तेही कापड पांढरे करण्यासाठी. ही पावडर पुढे कोट्यवधी लोकांचे पाणी निर्जंतुक करील, याची तेव्हा कोणालाही कल्पना नव्हती.

पालकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॉलरा जंतूंमुळे होतो, हे त्या काळी ठाऊक नव्हते. दुर्गंधीयुक्त हवेने रोग पसरतो, असाच बहुतेक डॉक्टरांचा समज होता. दूषित पाण्याचा संबंध लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिला, आणि रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू निश्चितपणे ओळखला तो १८८४ मध्ये, आपल्या कोलकात्यात. किटीबाईंचे शिक्षण जेमतेम होते. तरी रोग्याचा कपडा वेगळा ठेवावा, उकळत्या पाण्यात आणि औषधात धुवावा, हे त्यांनी नेटाने केले.

त्याच साथीत अनाथ झालेली सुमारे वीस मुले त्या रोज सकाळी घरी जमवत, त्यांना खाऊ घालत आणि शेजारणीच्या मदतीने सांभाळत. एका अर्थी ती बालवाडीच होती.

रॅथबोन हे लिव्हरपूलमधील प्रतिष्ठित व्यापारी घराणे. त्यांनी आणि एका सेवाभावी संस्थेने या कामाला मदत केली. अखेर १८४२ मध्ये नगरपालिकेने फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईघर उघडले. दोन्ही सोयी एकत्र असलेली ब्रिटनमधील अशी ती पहिलीच संस्था. १८४६ मध्ये किटीबाई आणि टॉम यांची तेथे देखरेखीसाठी नेमणूक झाली. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या वतीने त्यांना चांदीची किटली भेट मिळाली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने स्नानगृहे आणि धुलाईघरे यांचा कायदा केला. लोकांच्या करातून अशी गृहे बांधण्याचा अधिकार त्यामुळे गावोगावच्या पालिकांना मिळाला. गरिबांना परवडेल असा दरही कायद्याने बांधून दिला. पुढे १८७८ च्या कायद्याने बंदिस्त तरणतलावांचीही सोय झाली.

११ नोव्हेंबर १८६० रोजी किटीबाई वारल्या. लिव्हरपूलच्या सेंट जेम्स दफनभूमीत त्यांची समाधी आहे. तेथील सेंट जॉर्जेस हॉलमध्ये थोर पुरुषांचे अनेक पुतळे होते, स्त्रीचा एकही नव्हता. २०१२ मध्ये तेथे पहिला स्त्री-पुतळा बसला, तो या धुणे धुणाऱ्या बाईचा.

आता पुन्हा तरणतलावाच्या फलकाकडे वळू. तलावाच्या पाण्यात क्लोरीन घालतात आणि त्याचे प्रमाण रोज तपासतात. घाम, तेल, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की जंतू मारण्याची त्याची शक्ती खर्च होते आणि डोळे झोंबणारी द्रव्ये तयार होतात. तलावावर येणारा तो उग्र वास आपण स्वच्छतेचा समजतो, वस्तुतः तो आपल्याच मळाचा असतो. जो अंघोळ न करता उडी मारतो, तो दुसऱ्याच्या रक्षणासाठी घातलेले क्लोरीन संपवतो. जुलाबाचे काही जंतू तर क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात. म्हणून पोट बिघडलेल्याने घरी राहणे हाच त्यावर उपाय. स्पामधील गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जाते, त्यामुळे तेथे तपासणी अधिक वेळा करावी लागते.

विश्वस्त मंडळी आणि आम्हा शिक्षकांसाठीही या चरित्रात एक धडा आहे. गरिबांनो, स्वच्छ राहा, असा उपदेश करणारे लिव्हरपूलमध्ये तेव्हाही पुष्कळ असतील. किटीबाईंनी आधी बॉयलर पेटवला. मुलांसाठी नियमांचा फलक लावण्यापूर्वी तेथे अंघोळीचा नळ चालू आहे ना, स्वच्छतागृहात पाणी आणि साबण आहे ना, हे आपण पाहिले पाहिजे. सोय नसेल तर नियम पाळायचा कसा? आणि विद्यार्थ्यांनो, सोय असूनही नियम मोडला, तर त्याचा त्रास आपल्या शेजारी पोहणाऱ्या लहान मुलाला होतो, हे ध्यानात ठेवा. या उन्हाळ्यात पोहायला जाल तेव्हा फलक वाचा, अंघोळ करा आणि मगच पाण्यात उतरा.