उतारावरचा गोळा : गॅलिलिओ गॅलिली ह्यांचे जीवन

मावळात राहणाऱ्या आपल्या लोकांना उतार काही नवा नाही. वडिवळे धरणाच्या भोवतालच्या डोंगरावरून एखादा गोटा सुटला, तर तो आधी रेंगाळत निघतो आणि खाली पोहोचेपर्यंत समोर उभे राहण्याची कोणाची छाती होत नाही. वाटेत त्याला कोणी नव्याने ढकललेले नसते, तरीही त्याचा वेग क्षणोक्षणी वाढत जातो. वेगाच्या ह्या बदलाच्या दरास त्वरण म्हणतात. शाळेत आपण सर्वांनीच त्याचे सूत्र पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि बहुतेकांनी ते विसरूनही टाकले. ते सूत्र ज्यांच्या परिश्रमांतून उभे राहिले, त्या गॅलिलिओ गॅलिली ह्यांची ओळख येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील व्हिन्सेन्झो हे संगीतज्ञ होते. तारा ताणून, त्यांना वजने बांधून ते स्वरांचा अभ्यास करीत. मोजून पाहण्याची सवय मुलाला घरातच लागली असावी, असे आम्हांस वाटते. गॅलिलिओ ह्यांचे आरंभीचे शिक्षण व्हालोम्ब्रोसाच्या मठात झाले. १५८१ साली ते वैद्यकीसाठी पिसा विद्यापीठात गेले, पण मन गणितात रमले आणि १५८५ साली पदवी न घेताच ते बाहेर पडले. १५८९ पासून पिसा येथे व १५९२ पासून पदुआ येथे त्यांनी गणित शिकविले. वडिलांच्या निधनानंतर बहिणींच्या हुंड्याचे ओझे त्यांच्यावर आले. आपल्याकडील थोरल्या भावांना हा प्रसंग वेगळा सांगावा लागणार नाही.

पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून त्यांनी दोन गोळे टाकल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती त्यांचे शिष्य व्हिव्हियानी ह्यांनी गुरूच्या मृत्यूनंतर लिहिली. तिच्यावर फार भार देऊ नये. खरे काम झाले ते पदुआ येथे, एका लाकडी फळीवर. सरळ खाली पडणारी वस्तू इतकी झपाट्याने पडते, की त्या काळच्या साधनांनी ती वेळ मोजणेच शक्य नव्हते. म्हणून गॅलिलिओ ह्यांनी पतन मंद केले. सुमारे सात मीटर लांबीच्या फळीला खाच पाडून, तीत गुळगुळीत चर्मपत्र बसवून त्यांनी काशाचा गोळा सोडला. वेळ मोजण्यासाठी एका भांड्यातून बारीक धार सोडली आणि जमा झालेले पाणी तराजूत तोलले. पाण्याचे वजन हेच त्यांचे घड्याळ!

त्यातून जे दिसले ते विलक्षण होते. पहिल्या क्षणात गोळा १ भाग अंतर गेला, तर दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७ भाग जातो. बेरीज केली की १, ४, ९, १६ असे वर्ग मिळतात. काळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते. मात्र ह्याचे कारण त्यांना लगेच उमगले नाही. १६०४ साली धर्मबंधू पाओलो सार्पी ह्यांना लिहिलेल्या पत्रात, वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्यांनी मांडले. ते चूक होते. वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, हे ध्यानी यायला पुढे काही वर्षे जावी लागली. वस्तू मोकळी पडू दिली तर दर सेकंदाला तिच्या वेगात सेकंदास सुमारे ९.८ मीटर इतकी भर पडते, असे आज आपण म्हणतो. हवेचा अडथळा नसेल तर जड व हलकी वस्तू ह्यांत भेद राहत नाही.

एकसारख्या वाढणाऱ्या वेगाचे गणित ख्रिस्ती विद्यापीठांत पूर्वीपासून चालत आले होते. पुढे लिझ्यूचे बिशप झालेल्या निकोल ओरेम ह्यांनी १४ व्या शतकातच ते आकृतीने दाखविले होते. गॅलिलिओ ह्यांनी त्या गणिताला फळी, गोळा आणि तराजू ह्यांची जोड दिली.

१८६३ साली सुरू झालेला आपला बोरघाटाचा लोहमार्ग हेच गणित सांगतो. तेथे काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट इतका उतार आहे. दिसायला तो थोडा, पण ब्रेक सुटले तर गाडीचा वेग वाढतच जाणार. म्हणूनच बेकाबू गाडीला चढावर वळवून थांबविण्यासाठी तेथे वेगळे फाटे ठेवले आहेत. उतारावर मिळालेला वेग चढावर तसाच क्षणोक्षणी कमी होतो.

१६१० साली दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह पाहिल्याचे जाहीर झाल्यावर गॅलिलिओ जगप्रसिद्ध झाले. १६११ साली रोममधील येशूसंघीय विद्वानांनी त्यांचा गौरव केला. परंतु १६१६ साली, ज्या वर्षी फादर स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले त्याच वर्षी, पृथ्वी फिरते हे मत धरू नये अशी ताकीद त्यांना रोममध्ये मिळाली. १६३२ च्या ग्रंथामुळे खटला उभा राहिला आणि २२ जून १६३३ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांना गुडघे टेकून ते मत सोडावे लागले. हा प्रसंग आपण झाकू नये, तसा तो भडकही करू नये. सिएनाचे आर्चबिशप पिकोलोमिनी ह्यांनी खचलेल्या गॅलिलिओ ह्यांना मायेने आपल्या घरी ठेवून घेतले आणि गतीवरील जुने काम पुन्हा हाती घ्यायला लावले. शिक्षेत दर आठवड्याला सात प्रायश्चित्त-स्तोत्रे म्हणणे होते. त्यांची कन्या सिस्टर मारिया चेलेस्ते हिने ते आपल्याकडे घेतले. १६३४ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या ३३ व्या वर्षी, ती निवर्तली.

त्या दुःखात, आर्चेत्रीच्या घरातील नजरकैदेत त्यांनी त्वरणाचा ग्रंथ पुरा केला. तो १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी त्यांचे निधन झाले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांच्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणे मान्य केली.

त्वरणाच्या नियमाची कसोटी मात्र ख्रिस्तसभेतच फार लवकर लागली. येशूसंघीय फादर रिच्चोली ह्यांना गॅलिलिओ ह्यांचे म्हणणे पटत नव्हते. त्यांनी १६४० नंतरच्या दशकात बोलोन्याच्या उंच आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे टाकून, लंबकाचे झोके मोजून पडताळा घेतला. १, ३, ५, ७ हेच प्रमाण निघाले. तेव्हा ते आणि फादर ग्रिमाल्डी हे वर्तमान सांगण्यासाठी गणिताचे प्राध्यापक काव्हालिएरी ह्यांच्याकडे गेले. ते गॅलिलिओ ह्यांचे शिष्य आणि स्वतःही संघीय जीवन जगणारे धर्मबंधू होते.