कागदासाठी आलेला एसी

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर! विषय मात्र माझा स्वतःचा आहे, आणि तो मला आमच्या डिपार्टमेंटच्या मागच्या गॅलरीत सापडला.

गेल्या मे महिन्यात सर्व्हर रूमला स्प्लिट एसी बसवायचा होता. मेकॅनिकभाऊ एकटेच आले होते, आणि आउटडोअर युनिट एकट्याने उचलत नाही. म्हणून लॅबवाल्या सरांनी हॉस्टेलवर रिकामा बसलेला मी, मला पकडून नेलं. (हॉस्टेलच्या खोलीत फक्त पंखा, तोही तीनवर अडकलेला, हे वेगळं सांगायला नको.) युनिट कोणाला दिसू नये म्हणून सरांनी जिन्यामागचा कोपरा ठरवला होता. भाऊंनी तो बघताच नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की खोलीतली सगळी उष्णता हा डबा बाहेर फेकतो, आणि तीच गरम हवा समोरच्या भिंतीला आपटून पुन्हा त्याच्याच पोटात गेली तर कॉम्प्रेसर धापा टाकणार. शेवटी मोकळ्या बाजूला स्टँड ठोकला. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर, लेव्हल बघून चार बोल्ट, पायाखाली रबर. पाईप जोडल्यावर मला वाटलं झालं काम. तर भाऊ व्हॅक्यूम पंप लावून निवांत बसून राहिले! पाईपमधली हवा आणि ओल काढल्याशिवाय गॅस सोडायचा नाही, हा त्यांचा नियम.

पण माझं लक्ष खिळलं ड्रेन पाईपवर. एसी चालू झाला आणि थोड्या वेळात बादलीत पाणी जमायला लागलं. हे पाणी येतं कुठून, हाच प्रश्न मला व्हायवात विचारला होता, आणि मी बिनधास्त सांगितलं होतं की गॅस थंड होऊन गळतो. तो विषय अजून माझ्याकडे केटी म्हणून मुक्कामाला आहे. त्या संध्याकाळी लायब्ररीत बसून विलिस कॅरिअर या माणसाबद्दल वाचलं, आणि कळलं की एसीची सुरुवातच त्या पाण्यापासून झाली.

विलिसचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावी, शेतावर. एकुलता एक. पोराला अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा आईने सफरचंदं आणली आणि अर्धं, पाव, आठवा भाग असे तुकडे करून दाखवले. तो अकरा वर्षांचा असताना ती गेली. पुढे स्कॉलरशिपवर कॉर्नेल विद्यापीठ, १९०१ साली इंजिनिअर, आणि बफेलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर नोकरी. म्हणजे आपल्यासारखाच, पास झाला आणि लागला.

आता खरी गंमत. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार आली. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळ्या वेळी चढतो. उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगायचा, मग दुसरा रंग पहिल्यावर नीट बसायचा नाही, आणि सगळा माल वाया. कोकणातल्या पावसाळ्यात ज्याने ड्रॉइंग शीट बोर्डाला लावून रात्रभर ठेवलंय आणि सकाळी त्याचा पापड झालेला बघितलाय, त्याला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा कॅरिअर अवघे पंचवीस वर्षांचे. त्यांनी थंड कॉइलवरून हवा फिरवून तिच्यातली वाफ पाण्याच्या रूपात काढायची आणि छापखान्यातली आर्द्रता बारा महिने ५५ टक्के ठेवायची योजना आखली. त्या ड्रॉइंग्जवर तारीख आहे १७ जुलै १९०२. माणसांना गार वाटावं हा हेतू त्यात कुठेच नव्हता. सोय कागदाची होती!

त्याच वर्षाच्या शेवटी ते पिट्सबर्गच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे होते. चहूकडे धुकं. तुम्ही-आम्ही गाडी लेट म्हणून वैतागलो असतो. त्यांच्या मनात आलं की ही हवा पूर्ण भिजलेली आहे, तरी तिच्यात पाणी किती कमी आहे, कारण ती थंड आहे. मग मुद्दाम धुकं तयार केलं तर? थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा न्यायची. पाण्याचं तापमान आपल्या हातात, म्हणजे हवेत किती वाफ उरणार तेही आपल्या हातात. नंतर ती हवा हवी तेवढी गरम करायची. हवा कोरडी करायला तिच्यावर पाणीच मारायचं! मी हे तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा दवबिंदू म्हणजे काय ते डोक्यात शिरलं. वर्गात दोन सेमिस्टर शिरलं नव्हतं.

या यंत्राचं पेटंट त्यांना १९०६ मध्ये मिळालं. १९११ साली त्यांनी अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या सोसायटीपुढे हवेतल्या ओलाव्याची सूत्रं मांडली. आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो तो सायक्रोमेट्रिक चार्ट यांचीच देणगी. मला विचाराल तर यंत्रापेक्षा हे काम मोठं, कारण त्याआधी बराचसा अंदाजपंचे कारभार होता. (माणूस विसराळूही होता. एकदा प्रवासात बॅग उघडली तर आत फक्त एक रुमाल निघाला, असं सांगतात.)

कंपनीने त्यांचा विभाग बंद करायचं ठरवलं, तेव्हा १९१५ मध्ये त्यांनी आणि आणखी सहा इंजिनिअरांनी साठवलेले सुमारे ३२,६०० डॉलर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली. युरोपात महायुद्ध चालू असताना! तोवर एसी कारखान्यांपुरता होता. अमोनियासारखा विषारी वायू गर्दीच्या जागी नको वाटायचा आणि यंत्रं अवाढव्य. कॅरिअर यांनी १९२२ मध्ये सेंट्रिफ्युगल मशीन आणलं, कमी धोक्याच्या द्रवावर चालणारं. १९२५ च्या मे अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात ते सुरू झालं. प्रेक्षक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. हॉल गार व्हायला वेळ लागला, पंखे हलतच होते, आणि कॅरिअर यांचा जीव टांगणीला. मग एकेक करून पंखे मांडीवर गेले.

कागदापासून सामान्य प्रेक्षकापर्यंत यायला तेवीस वर्षं लागली. आमच्याकडेही आधी सर्व्हर, मग विद्यार्थी. हिशोब चालू आहे!

१९३० च्या मंदीत कंपनी जेमतेम तगली, १९३७ मध्ये सिराक्यूजला गेली. ७ ऑक्टोबर १९५० ला कॅरिअर वारले. घरोघरी एसी बसायला लागले ते त्यानंतर.

सर्व्हर रूमच्या ड्रेनखालची बादली आता हॉस्टेलची मुलं पाळीपाळीने रिकामी करतात. त्या निमित्ताने पाच मिनिटं आत उभं राहता येतं. माझा नंबर गुरुवारी असतो, आणि चार्टची झेरॉक्स खिशात.