गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

आपल्या गावी एखाद्या गवयाचा जलसा ठरला, की आपण तिकीट काढून इतर श्रोत्यांच्या बरोबरीने जाऊन बसतो. यात आपणांस काहीच नवल वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तम गायन बहुधा राजवाड्यात, सरदारांच्या दिवाणखान्यात किंवा देवळातच होत असे. सामान्य माणसास ते दुर्लभ होते. हे दार सर्वांस मोकळे व्हावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचिले, त्या पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याच्या दारूने विष्णुपंतांच्या डोळ्यांस इजा होऊन दृष्टी अधू झाली व शाळा सुटली. तेव्हा त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकावयास ठेविले. संस्थानच्या आश्रयामुळे तेथे त्यांस कशाची वाण नव्हती. परंतु एका समारंभाचे आमंत्रण त्यांस आले आणि त्यांच्या गुरुजींस, ते केवळ गवई म्हणून, आले नाही, असे सांगतात. विद्या थोर आणि विद्यावंत हलका, हा न्याय त्यांस मानवला नाही. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडिली.

पुढे काठेवाडात त्यांनी माफक दराचे तिकीट लावून जाहीर जलसा केला. ही गोष्ट दिसावयास लहान, पण तिचे मर्म मोठे आहे. ज्याच्यापाशी तिकीट, तो श्रोता. मग तो कारकून असो वा कारखानदार. गवयासही कोणा एकाच्या मर्जीकडे पाहण्याचे कारण उरले नाही.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ते राजाश्रयावर नव्हे, तर लोकाश्रयावर चालले. १९०८ मध्ये मुंबईसही विद्यालय निघाले. तेथील इमारतीसाठी मात्र मोठे कर्ज झाले. ते फेडण्यास पंडितजी गावोगाव हिंडले. तरी १९२४ च्या सुमारास ती वास्तू सावकारांच्या हाती गेली. लोकाश्रयाचा मार्ग असा खडतर होता. तथापि त्यांनी तयार केलेले शिष्य कोणास जप्त करिता आले नाहीत! ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी गुरूचे कार्य देशभर नेले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पंडितजी मिरजेस निवर्तले.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, आज जलशाची वार्ता घरबसल्या कळते व तिकीटही घरबसल्या मिळते. तरीही फुकट प्रवेशिकेसाठी ओळखी शोधणारे थोडे नाहीत. आपण तसे करू नये, असे आम्हांस वाटते. गावात गाणे कोठे आहे याची चौकशी करावी, खाऊचे चार पैसे राखून तिकीट घ्यावे आणि वेळेवर जाऊन बसावे. गवयाचा मान राखण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होय.