चंद्रनगरचा डुप्ले

प्रास्ताविक

युरोपीय व्यापारी भारतात आले ते कापड, रेशीम आणि मसाल्याच्या पदार्थांसाठी. त्यांच्यात पोर्तुगीज, डच, इंग्रज होते. तसेच फ्रेंचही होते. फ्रेंचांची पाऊले आजही कोलकात्याजवळच्या एका गावात दिसतात. त्या गावाला वैभव मिळवून देणाऱ्या आणि पुढे व्यापाराकडून सत्तेकडे वळलेल्या एका माणसाचे चरित्र या पाठात आपण वाचणार आहोत.

पाठ

कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर चंद्रनगर वसले आहे. बंगाली लोक त्याला चंदननगर म्हणतात. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये स्थापन झाली. १६६८ मध्ये तिने सुरतेस वखार घातली, १६७४ मध्ये पाँडिचेरी येथे पाय रोवले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस हुगळीच्या काठी चंद्रनगरची वखार उभारली. १६९० पासून याच नदीकाठी इंग्रजांचे कोलकाता वाढत होते, तर शेजारच्या चिनसुऱ्यास डच होते. एकाच नदीवर तीन कंपन्या परस्परांवर नजर ठेवून व्यापार करीत होत्या.

जोझेफ फ्रान्स्वा डुप्ले याचा जन्म १६९७ मध्ये फ्रान्समधील लांद्रेसी या गावी झाला. त्याचे वडील धनिक असून त्यांचे कंपनीत वजन होते. मुलाने व्यापारी व्हावे, या हेतूने त्यांनी त्याला लहान वयातच सागरी प्रवासास धाडले. १७२२ मध्ये डुप्ले पाँडिचेरीच्या कौन्सिलचा सभासद म्हणून भारतात आला. पुढे कंपनीने त्याला पदावरून दूर केले. मात्र तो मायदेशी परतला नाही. आपली बाजू मांडत त्याने येथेच चार वर्षे वाट पाहिली. अखेर निर्णय त्याच्या बाजूने लागला आणि १७३१ मध्ये तो चंद्रनगरचा प्रमुख झाला.

त्या वेळी चंद्रनगरास अवकळा आली होती. बंदरात व्यापार नव्हता आणि कंपनीजवळ भांडवल नव्हते. डुप्लेने स्वतःचा पैसा घातला, इतरांनाही भागीदार केले आणि जहाजे खरेदी केली. बंगालचे तलम कापड, रेशीम, सोरा व तांदूळ ही जहाजे सुरत, मोखा, बसरा आणि पूर्वेकडील बंदरांपर्यंत नेऊ लागली. या कामात त्याला स्थानिक व्यापाऱ्यांची साथ होती. कंपनीचे दिवाण इंद्रनारायण चौधुरी हे त्यांपैकी एक होत. त्यांनी बांधलेले नंददुलालाचे मंदिर आजही तेथे उभे आहे. दहा वर्षांत चंद्रनगर गजबजून गेले. तथापि या भरभराटीमागे बंगालच्या विणकरांचे श्रम होते, हे विसरता येणार नाही.

१७४१ मध्ये डुप्लेने जान या विधवेशी विवाह केला. ती पाँडिचेरीत जन्मलेली असून तिला तमिळ भाषा अवगत होती. दुसऱ्याच वर्षी तो पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला. १७४६ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांचे मद्रास घेतले. ते परत मिळवण्यासाठी कर्नाटकच्या नवाबाने मोठे सैन्य पाठवले. पण कवायती शिक्षण घेतलेल्या थोड्याशा फौजेने अड्यार नदीकाठी त्याचा पराभव केला. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढणारे अनेक शिपाई भारतीयच होते. शिस्त आणि तोफा यांच्या जोरावर येथील राजकारण फिरवता येते, हे डुप्लेने ओळखले.

१७४८ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरीस वेढा घातला. त्या काळात जेझुइट मिशनऱ्यांच्या आग्रहामुळे त्यांच्या चर्चलगतचे वेदपुरीश्वराचे मंदिर पाडण्यात आले. कंपनीचे दुभाषी आनंद रंग पिळ्ळे यांनी आपल्या तमिळ रोजनिशीत हे दुःख नोंदवून ठेवले आहे. वेढा उठला, डुप्लेची कीर्ती वाढली. पण नगरवासीयांच्या मनावरील जखम राहिली.

त्याच वर्षी साताऱ्यास मराठ्यांच्या कैदेत असलेला चंदासाहेब सुटला. डुप्लेने त्याला कर्नाटकच्या, तर मुजफ्फरजंगास दक्षिणेच्या गादीसाठी साहाय्य केले. प्रारंभी यश मिळत गेले. कृतज्ञ मुजफ्फरजंगाने डुप्लेस कृष्णेच्या दक्षिणेकडील प्रदेशाचा अधिकार दिला. व्यापारी आता नवाबाच्या थाटात वावरू लागला. त्याचा सेनानी बुसी हैदराबादेस राहिला. १७५१ च्या अखेरीस बुसीच्या तोफांचा अनुभव पेशव्यांच्या सैन्यासही आला. पुढे पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी बुसीच्याच तालमीत तयार झाला होता.

परंतु १७५१ मध्ये क्लाइव्हने अर्काट घेतले, पुढील वर्षी चंदासाहेब मारला गेला आणि पारडे फिरले. युद्धाचा खर्च वाढत गेला. कंपनीस नफा हवा होता, राज्य नको होते. तिने १७५४ मध्ये डुप्लेस परत बोलावले. लढायांत खर्च झालेला स्वतःचा पैसा त्याने मागितला, तो कंपनीने दिला नाही. ज्याने दुसऱ्यांना गादीवर बसवले, तो स्वतः १७६३ मध्ये पॅरिस येथे कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. चंद्रनगरचा किल्ला त्याआधीच, १७५७ मध्ये, इंग्रजांनी उद्ध्वस्त केला होता.

डुप्ले हरला, पण त्याची रीत हरली नाही. देशी शिपायांच्या बळावर देशी सत्ता वाकवण्याचा तोच मार्ग इंग्रजांनी पुढे अवलंबिला. आपसांतील कलहामुळेच परक्यांना हा मार्ग सापडला. चंद्रनगरवर मात्र फ्रेंच निशाण पुढेही दीर्घकाळ राहिले. १९४९ मध्ये तेथील जनतेने भारताच्या बाजूने कौल दिला आणि २ मे १९५० रोजी नगराचा कारभार भारताकडे आला. ज्यांच्या नावे पूर्वी इतर जण करार करीत, त्यांनी या वेळी आपला निर्णय स्वतः घेतला.

शब्दार्थ

वखार – व्यापारी मालाचे कोठार व कचेरी
सोरा – तोफेची दारू बनवण्यासाठी लागणारा क्षार
अवकळा – वाईट दशा
दुभाषी – दोन भाषा जाणून मध्यस्थी करणारा

स्वाध्याय

१. चंद्रनगरचा व्यापार वाढवण्यासाठी डुप्लेने कोणते उपाय केले?
२. कंपनीने डुप्लेस परत का बोलावले?
३. ‘डुप्ले हरला, पण त्याची रीत हरली नाही’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.