दूधवाल्याकडून घेतलेली कुत्री आणि शिकारीचं वेड असलेला पाद्री: 'जॅक रसेल' नावामागची गोष्ट

'द मास्क' सिनेमातला जिम कॅरीचा मायलो आठवतोय? पांढरं अंग, तपकिरी डाग आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारा! त्याची जात जॅक रसेल टेरियर. पण हे जॅक रसेल होते कोण?

जॉन ऊर्फ जॅक रसेल यांचा जन्म १७९५ मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डार्टमथचा. ऑक्सफर्डला शिकताना, १८१९ मध्ये, त्यांना एका दूधवाल्याकडे छोटी पांढरी कुत्री दिसली. डोळे-कानांवर आणि शेपटीच्या मुळाशी तेवढा तपकिरी रंग. रसेल यांनी ती लगेच विकत घेतली. तिचं नाव होतं ट्रम्प!

पुढे रसेल पाद्री झाले. स्विमब्रिज गावच्या चर्चमध्ये त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं काढली. पण जीव रमायचा कोल्ह्याच्या शिकारीत. बिशपना हे अजिबात पसंत नव्हतं, खर्चापायी ओढाताणही व्हायची. तरी छंद सुटला नाही.

या शिकारीत मोठे हाउंड कुत्रे कोल्ह्याचा पाठलाग करायचे. कोल्हा बिळात शिरला की छोट्या टेरियरचं काम सुरू. त्याने आत घुसायचं, भुंकायचं आणि कोल्ह्याला बाहेर हुसकवायचं. आतच मारायचं मात्र नाही, नाहीतर शिकारच संपली! म्हणून रसेल यांना अरुंद छातीचा, धीट, पण रक्तपिपासू नसलेला कुत्रा हवा होता. पांढरा रंगही कामाचा, कारण गडबडीत कोल्हा समजून त्याच्यावरच हल्ला व्हायला नको.

१८७३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या केनेल क्लबचे रसेल संस्थापक सदस्य. तरी स्वतःचे कुत्रे त्यांनी प्रदर्शनात उतरवले नाहीत. त्यांच्या लेखी दिसण्यापेक्षा काम मोठं.

१८८३ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याकडे मोजकेच टेरियर उरले होते. त्यामुळे आजच्या प्रत्येक जॅक रसेलचं नातं ट्रम्पशी जोडता येत नाही. नाव टिकलं आणि स्वभावही.

हा स्वभाव लक्षात ठेवा. उंची जेमतेम २५ ते ३० सेंटीमीटर, वजन ५-६ किलो, म्हणून हा 'फ्लॅटमधला कुत्रा' वाटतो. पण उकरणं, भुंकणं, पाठलाग करणं त्याच्या रक्तातच आहे. रोज भरपूर पळवायला वेळ नसेल, तर फक्त गोंडस रील बघून याला घरी आणू नका. बिळातला कोल्हा नाही मिळाला, तर तुमचा सोफा आहेच!