पाखरांची खतावणी

पन्नास-साठ वर्षांपूर्वी करकंबच्या पोराला गिधाड कसे असते, हे चित्र दाखवून शिकवावे लागत नव्हते. मेलेली जनावरे ओढून टाकण्याची एक जागा गावाबाहेर असे. बैल पडला, की तास-दोन तासांत आभाळात एक ठिपका दिसे. मग दुसरा, मग तिसरा आणि मग घिरट्या घालणारी रांगच. संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरे. आम्ही पोरे सदऱ्याची बाही नाकाला लावून लांबून बघायचो आणि घरी आल्यावर डोक्यावर पाणी घेतल्याशिवाय आई उंबरठा ओलांडू देत नसे. गिधाड म्हणजे अशुभ, ओंगळ आणि मुबलक. त्याला मोजावे, असे कुणाच्या मनात येणार?

पुढे कधीतरी ते दिसेनासे झाले. नेमके कोणत्या साली, हे आज गावात कुणालाही सांगता येणार नाही. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातली अडचण चटकन कळते. आरंभीची शिल्लक लिहून ठेवलेली नसेल, तर तूट किती आली हे सांगता येत नाही. आपल्या देशातल्या पाखरांच्या खात्यात ही आरंभीची शिल्लक मांडण्यासाठी ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्या सालिम अलींना जाऊन आता चार दशके होत आली. त्यांना आपण पक्षिमित्र म्हणून ओळखतो. पण ते त्याहूनही चोख असे हिशेबनीस होते आणि त्यांच्या हिशेबात एक चूकही होती. त्यांची गोष्ट या दोन्हींसकट सांगायला हवी.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वर्षाच्या आत-बाहेर वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. भावंडांत सर्वांत धाकट्या या पोरक्या मुलाला मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या पडू लागल्या. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्याशी पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. साल १९०८. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्या बुजऱ्या पोराला हाकलून दिले नाही. पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली. कचेरीत आलेल्या लहान मुलाला साहेबाने दिलेला तो अर्धा-पाऊण तास या देशाला केवढा लाभला, याचा विचार केला म्हणजे मौज वाटते.

पण त्या चिमणीपासून सरळ कीर्तीकडे रस्ता गेला, असे मात्र नाही. कॉलेजचे शिक्षण अर्धवट राहिले. घरच्या टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाचा धंदा बघायला ते ब्रह्मदेशात तव्हॉयला गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलच जास्त पाहिले. १९१७ साली परतल्यावर दावर्स कॉलेजात व्यापार आणि हिशेबाचे धडे गिरवले, त्याच सुमारास सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकून घेतले. १९१८ साली तेहमिनांशी लग्न झाले. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली जागा हुकली. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, महिना साडेतीनशे रुपयांवर व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

चौतिशीला टेकलेला, बायको असलेला, नोकरी नसलेला माणूस. आपल्यापैकी कुणीही अशा वेळी ओळखीपाळखी काढून एखादी कारकुनी मिळवली असती. हे जोडपे मात्र अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे झाडावर सुगरणींची वसाहत होती. सालिम अली रोज त्यांच्यापुढे ठाण मांडून बसू लागले. आपल्याकडे सुगरण हे नावच बाईचे, त्यामुळे घरटे मादी विणते असा सर्वांचा समज. त्यांनी तपशिलाने नोंदवले ते असे : खोपा विणतो तो नर. तो अर्धा विणून झाला की माद्या येतात, आत शिरून पारखतात आणि पसंत पडला तर एखादी मादी तिथे संसार मांडते. नर खोपा पुरा करून देतो आणि लगेच शेजारी दुसऱ्या खोप्याला व दुसऱ्या संसाराच्या खटपटीला लागतो! बेकारीतल्या त्या टिपणांनी त्यांचे नाव पक्षिशास्त्राच्या जगात पोहोचले.

त्यानंतर त्यांनी जो मार्ग काढला, तो आजही कुणाला सुचणार नाही. संस्थानिकांच्या मुलखातल्या पाखरांची पाहणी तोवर धड झालेली नव्हती. त्यांनी सांगितले, मला पगार नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. अशी पहिली मोठी पाहणी १९३१-३२ साली निजामाच्या हैदराबाद राज्याची झाली. आमच्या सोलापूरला लागून असलेला तुळजापूर-नळदुर्गाचा मुलूख त्या राज्यातच होता. मग त्रावणकोर-कोचीन, पुढे भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर. राहुट्या आणि बैलगाड्या घेऊन रानोमाळ हिंडायचे. तेहमिनाबाई बरोबर असायच्या. मुंबईच्या आरामात वाढलेल्या त्या बाईंनी राहुटीतला संसार आनंदाने केला. कोणता पक्षी कुठे दिसला, किती दिसले, काय खात होता, घरटे कोणत्या महिन्यात, अंडी किती, हे सारे त्या त्या दिवशी वहीत उतरायचे. उद्या लिहू, हा शब्दच त्यांच्याकडे नव्हता.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. सालिम अली बहीण कमू आणि मेहुण्यांच्या घरी राहायला गेले आणि कामात बुडाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले. आगगाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाखराचे नाव सामान्य माणसाला सांगणारे. डिलन रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तेव्हा ती रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीत घातली.

हे सारे होत असताना त्यांचा जीव एका जागी विशेष गुंतला होता. ती जागा म्हणजे राजस्थानातले भरतपूर. हे राजेसाहेबांचे शिकारीचे तळे. १९३८ साली व्हाइसरॉयच्या एका शिकारीत तिथे चार हजारांवर पक्षी पडले होते. स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेती करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. पुढे तिथे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम सुरू झाले. कोणता पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यातून कळू लागले. पक्षी इजा न करता पकडायचे ते मीरशिकारी, पिढीजात पारधाचा धंदा करणारे लोक. ज्या हातांनी पाखरे विकली, त्याच हातांचे कसब त्यांनी पाखरांच्या कामाला लावले.

आणि इथेच त्यांच्या हिशेबातली ती चूक येते. तळ्याकाठच्या गावांची म्हसरे पिढ्यान् पिढ्या तिथे चरत. गुरांमुळे पाखरांचे नुकसान होते, असे सालिम अली व त्यांच्या संस्थेतल्या अभ्यासकांचे मत होते. १९८२ साली राष्ट्रीय उद्यानात चराईबंदी झाली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसे दगावली. त्यांच्याच संस्थेचा तिथे वर्षानुवर्षे अभ्यास चालला होता. त्यातून निघाले ते उलटेच. म्हशी चरायच्या थांबल्या तसे पाणथळीतले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. हा निष्कर्ष येईपर्यंत सालिम अली हयात नव्हते. १९८७च्या जूनमध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत देह ठेवला. पण त्यांनी लावलेली नोंदीची शिस्त इतकी पक्की होती, की ती खुद्द त्यांच्या मताविरुद्धही साक्ष देऊ शकली. यापेक्षा मोठे यश अभ्यासकाला दुसरे कोणते?

गिधाडांची गोष्टही त्याच भरतपुरातून उजेडात आली. १९८७-८८ च्या हंगामात तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेवर घरटी मोजलेली होती. दहाएक वर्षांनी संस्थेच्या शास्त्रज्ञाने पुन्हा मोजली, तर निम्मीही भरेनात. २००३ पर्यंत एकही उरले नाही. जुना आकडा वहीत होता, म्हणूनच धोक्याची घंटा वाजली. मग देशभर पाहणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची हजारातली नऊशे नव्व्याण्णव गिधाडे नाहीशी झाल्याचे दिसले. लांब चोचीच्या गिधाडांचीही तीच गत. कारण २००४ साली कळले. गुरांच्या अंगदुखीवर, तापावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरत. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्याऐवजी गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम आहे. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पंधरा वर्षांत गेलेले पन्नास वर्षांतही भरून यायचे नाही.

कायदा दिल्लीत होतो, पण गिधाड जगते ते गावाच्या शिवारात. सालिम अली ज्या किहीमला सुगरणी न्याहाळत बसले, त्याच रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली आहेत. नाशिककडे हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकरी आणि वनखाते मिळून मेलेली गुरे ठरावीक जागी ठेवतात आणि गिधाडे तिथे उतरतात. याउलट अनुभव आमच्याच जिल्ह्यातला आहे. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा आग्रह सालिम अलींनी धरला होता. तो मान १९६३ साली मोराला मिळाला. १९७९ साली नान्नजसह सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर कागदावर माळढोक अभयारण्य झाले. आमच्या शेजारच्या माढा तालुक्यातली गावेही त्यात आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांच्या मनात माळढोकाविषयी माया वाटण्याऐवजी राग बसला. पुढे हद्द आवळून सातव्या हिश्श्यापर्यंत आणली. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला, तरी वर्तमानपत्रात बातमी होते. भरतपूरच्या म्हशींनी जे सांगितले, तेच नान्नजच्या माळाने सांगितले. गाव वगळून मांडलेला हिशेब जुळत नाही.

करकंबला आता ऊस आणि द्राक्षे आहेत. जनावर मेले की खड्डा खणून पुरतात किंवा ते कुत्र्यांच्या तावडीत सापडते. मी संध्याकाळी गच्चीवर जातो, तेव्हा सवयीने वर बघतो. घारी असतात, बगळ्यांच्या रांगा असतात. गेल्या वर्षी नातवाला एक दोनशे पानी वही आणून दिली आणि रोज दिसलेली पाखरे लिहायला सांगितले. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, आजोबा, गिधाडाचा रकाना कशाला आखला, ते तर नाहीच! मी म्हटले, असू दे, शून्य लिही. शून्य हीही नोंदच असते. उद्या तिथे एक आकडा पडला, तर तो कुणालातरी ओळखू यायला हवा.