लक्ष्मीबाई टिळक आणि वाळलेल्या हाताची गोष्ट

नाशिकजवळ गोदेच्या कांठीं जलालपूर नांवाचें गांव आहे. तेथें गोखल्यांच्या घरीं १८६८ सालीं एक मुलगी जन्मास आली. तिच्या आईचे वडील १८५७ च्या बंडांत फांशीं गेले होते. त्या धक्क्यानें तिच्या वडिलांच्या मनांत सोंवळ्याचें असें विलक्षण वेड शिरलें कीं, बाजारचा जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. मीठसुद्धां त्यांतून सुटत नसे! धुतल्यावर मिठाचें काय उरत असेल, हें आमच्या बालवाचकांनींच ताडावें. ऐकणारास हंसूं येतें, पण त्या घरच्या बायकामुलांचे फार हाल झाले. हीच मुलगी म्हणजे 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लहानपणींच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशीं झाला. १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि बाईंवर आकाश कोसळलें. कित्येक वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. पुढें एकत्र आलीं, तरी बाईंनीं आपलें सोंवळें सोडलें नाहीं. टिळकांनींही बळजबरी केली नाहीं. मग एके दिवशीं त्यांच्या मनानें प्रश्न घेतला, जातिभेद देवाचा कीं माणसाचा? जन्ममरण सर्वांस सारखें. मग शिवल्यानें बाटतें तें काय? उत्तर मिळतांच वर्षानुवर्षांचें सोंवळें गळून पडलें. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ च्या मे महिन्यांत निवर्तले. त्यांचें 'ख्रिस्तायन' काव्य सुमारें दहा अध्यायांवर थांबलें होतें. बाळपणीं शाळेचा लाभ न झालेल्या लक्ष्मीबाईंनीं त्यांत ६४ अध्यायांची भर घातली.

ख्रिस्तचरित्र गावयाचें म्हणजे चमत्कार आणि क्रोध या दोहोंस सामोरें जाणें आलें. प्रेमळ प्रभूस राग कसा आला, हें विद्यार्थी आम्हांस नेहमीं विचारतात. मार्काच्या तिसऱ्या अध्यायांत हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं भेटतात. शब्बाथाचा दिवस, सभास्थानांत वाळलेल्या हाताचा एक मनुष्य, आणि प्रभु त्यास बरें करून नियम मोडतो कीं काय म्हणून टपून बसलेले लोक. प्रभु त्यांजकडे रागानें पाहतो, त्याच वेळीं त्यांच्या कठोर मनाबद्दल खिन्नही होतो. आणि तो हात बरा होतो. हें घडलें कसें, याचा खुलासा शरीरशास्त्राच्या पुस्तकांत मिळावयाचा नाहीं. तेवढेंच शोधीत बसलें तर गोष्टीचा रोख चुकतो, असें आम्हांस वाटतें. येथें कोणास दिपवावयाचें नव्हतें; एका माणसाचा हात त्यास परत द्यावयाचा होता. राग स्वतःच्या अपमानाचाही नव्हता. स्वतःस खिळणारांसाठीं तर प्रभूनें क्षमाच मागितली. नियम माणसाहून मोठा मानणें, हें त्यास साहवलें नाहीं.

जलालपूरच्या घरांत वाढलेल्या बाईस ही गोष्ट परकी वाटली नसावी. वडिलांविषयीं राग धरावयास त्यांस कारण थोडें नव्हतें. तरी 'स्मृतिचित्रां'त त्या घराची हकीकत येते, ती हंसत येते; वडिलांचा जाच लपविलेला नाहीं, आणि वडिलांस मनांतून काढूनही टाकलेलें नाहीं. १९३६ सालीं नाशिकासच त्यांनीं देह ठेविला. 'ख्रिस्तायन' त्यानंतर छापून निघालें.